तिसऱ्या पिंपाचा वास

मालकांनी तळघरातल्या तिसऱ्या पिंपाचं बूच ओढून काढलं, काचेची लांब नळी आत सोडली आणि घोटघोटभर वाईन तिच्या आणि आपल्या ग्लासात ओतली.

"घ्या ताई. वास घ्या आणि सांगा, काय वाटतं ते."

हे 'सांगा' ऐकायलाच ती यायची. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून तिला कुणी काही विचारत नव्हतं. घरी फोन वाजायचा तोही चुकून लागलेला. म्हणून मोसम सरला, गर्दी ओसरली की ती अशा आडबाजूच्या, कुणी नाव न ऐकलेल्या वायनऱ्या गाठायची. या दिवसांत मालक बोलायला मोकळे असतात. वाईनमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. 'छान आहे' म्हटलं की तासभर बसू देतात, एवढं मात्र कळलं होतं. आज तर मालक म्हणाले होते, जेवूनच जा.

तिनं ग्लास नाकाशी नेला आणि डोळे चुरचुरले. हा वास तिनं तीस वर्षं प्रयोगशाळेत बाटल्यांतून भरला होता. शुद्ध व्हिनेगर.

मालकांनीही आपला ग्लास हुंगला, आणि पिंपावर खडूनं लिहिलेलं हळूच वाचलं.

"काळ्या चेरीचा वास. वा! सोमवारी हेच बाटल्यांत भरायचं. सगळ्या वर्षाची मेहनत आहे ह्यात."

तिच्या जिभेवर 'छान' तयारच होतं. गरम जेवण, समोर बोलणारा माणूस. भीड भिकेची बहीण म्हणतात. हिची तर ती सख्खी मैत्रीणच झाली होती.

"मालक, हे आंबलंय," ती म्हणाली. "तुम्हाला वास येत नाही का?"

मालकांनी हातातलं बूच पिंपाच्या तोंडावर परत बसवलं.

"तापानंतर गेला. आठ महिने झाले. वाईन करणाऱ्याचं नाक गेलं, हे सांगू कुणाला?"

"मग कसं चालवता?"

"येणाऱ्याला विचारतो, तो म्हणेल ते लिहून ठेवतो. जिभेला आंबट लागत होतं हो, पण परवा चौघं आले होते. चौघंही छान म्हणाले."

तिची मान खाली गेली. मागच्या पाच वायनऱ्यांत तीही हेच म्हणाली होती.

मालक जिना चढून वर गेले. जेवण गेलं, माणूसही गेला, असं तिला वाटलं. कशाला तोंड उघडलं? तिनं पर्स खांद्याला अडकवली.

पावलं परत आली. मालकांच्या हातात स्वयंपाकघरातली खुर्ची होती. त्यांनी ती चौथ्या पिंपापाशी ठेवली, डुगडुगत नाही ना ते दाबून पाहिलं.

"बसा," ते म्हणाले. "अजून नऊ आहेत. उभ्यानं दमाल."