सोनीबाईचा मिस कॉल

पंचांच्या टेबलावर जमा केलेल्या मोबाइलांपैकी एक थरथरला आणि लगेच थांबला. भगवंतने हत्ती उचलून पुढे ठेवला, तोच समोरच्या चांगदेवने घड्याळ थांबवलं.

"पंच, इकडं या. हा काय खेळ चाललाय?"

मंचरच्या मंगल कार्यालयातल्या बुद्धिबळ स्पर्धेची ती शेवटची फेरी होती. शेजारच्या पटांवरची डोकी वर झाली.

"सकाळपासून बघतोय मी. यांचा फोन थरथरला की हे चाल करतात. एक रिंग म्हंजे हत्ती, दोन म्हंजे घोडा. बाहेरून कुणीतरी सांगतंय राव!"

पंच तो फोन घेऊन आले.

"भाऊ, बंद करून ठेवा म्हणलं व्हतं ना?"

"आवाज बंद केला व्हता," भगवंत म्हणाला. "घरनं मिस कॉल येतो. एक रिंग म्हंजी विहिरीवर लाईट आली, दोन म्हंजी गेली."

"वा! आन् लाईट नेमकी तुमच्या चालीलाच येती!"

दोघंतिघं हसले. भगवंतचे कान तापले. बोरी गावच्या पारावर उभा जन्म खेळला, पण त्याला लबाड कुणी म्हटलं नव्हतं.

पंचांनी पडद्यावरचं नाव वाचलं. "सोनीबाई कोण?"

"आमची मंडळी."

सोनीबाई चैत्रात गेली होती. भगवंत पारावर पटात गुंतला की त्याला लाईटची खबर द्यायला रिंगांची ही खूण तिनेच ठरवलेली. आता तिचा फोन सुनेकडे, वृषालीकडे असे, आणि तीही तशीच खूण देई. पोरगा भगवंतच्या फोनमधलं तिचं नाव बदलायला बसला, तेव्हा भगवंतने त्याच्या हातातून फोन काढून घेतला होता.

"मी लावतो, सगळ्यांसमोर," पंच म्हणाले. "तुमी बोलायचं न्हाई. खोटं निघालं तर स्पर्धेतून बाद. परत इथं यायचं न्हाई."

भगवंतने मान हलवली.

स्पीकरवर बाईचा आवाज आला.

"मगाशीच दिला की मिस कॉल! लाईट आलीया, मोटर चालू केली, कांद्याला पानी धरलंय. कशाला लावायचा फोन, पैसं जात्यात. आन् डबा खाल्ला का? उपाशी बसू नका खेळत."

सगळं कार्यालय हसलं. आता हसण्यात विखार नव्हता. चांगदेव कपाळाला हात लावत म्हणाला,

"वहिनी लई कडक हायेत राव! चुकलं माझं, भाऊ."

पंचांनी फोन बंद करून खिशात टाकला.

"घरी गेल्यावर वहिनींना सांगा, फोन पंचांनी बंद केला. उगं काळजी करत्याल."

भगवंतने बोलायला तोंड उघडलं. माणसं त्याच्याकडे बघत होती, अजून हसत होती.

"सांगतो," तो म्हणाला. मग पटाकडे बघत हळूच, "लगीच राग येतो तिला."

चांगदेवने घड्याळ पुन्हा चालू केलं.