शेवटचं म्हणजे शेवटचंच

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. व्यायामशाळेच्या खिडकीखाली माझी जागा. माझा एक पाय जन्मापासून आखूड आहे. सुतार त्या दिवशी घाईत होता. तो मात्र अखेरपर्यंत फरशीलाच दोष देत राहिला.

तरुणपणी मी खूप मान भोगला. मुलं माझ्यावर आडवी पडून लोखंडी वजनं उचलायची. मालक पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचे, की हा आहे म्हणून व्यायामशाळा आहे. पुढे गुबगुबीत गादीची यंत्रं आली आणि माझी रवानगी दाराशी झाली. लोक माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधू लागले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय? मला वाईट वाटलं, फार वाटलं.

मला पुन्हा आत आणलं ते ताईने. ताई पूर्वी कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहून गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडायची. संध्याकाळचा वर्ग करून, परीक्षा देऊन ती ट्रेनर झाली. नव्या माणसाच्या वाट्याला काय येणार? दुखऱ्या गुडघ्यांची, कुणालाच नको असलेली मंडळी आली. त्यांना यंत्रांवर चढताच येईना. तेव्हा ताईने माझ्या आखूड पायाखाली रबराचा तुकडा ठोकला आणि सगळ्यांना माझ्यावरून उठायला-बसायला लावलं.

त्यांत एक शिंपीकाका होते. घरी एकटे असताना ते स्वयंपाकघरात पडले आणि उठता न आल्यामुळे सून कामावरून येईपर्यंत तसेच फरशीवर पडून राहिले. तेव्हापासून मुलाने धोशा लावला होता, की तुम्हाला एकटं ठेवायचं नाही, शिलाईचं मशीन विकायचं आणि तुम्ही आत्याकडे राहायला जायचं. काकांना घर सोडायचं नव्हतं आणि मशीन तर मुळीच नाही. त्यासाठी जमिनीवरून आपलं आपण उठता यायला हवं होतं.

ताईचा आवाज खणखणीत आणि हुरूप दांडगा. पण तिला एक खोड होती. "शेवटचं एक," असं ती म्हणायची, आणि माणसाने ते कसंबसं पुरं केलं, की लगेच अजून एक मागायची. ती जिथे शिकली, तिथे असंच चालायचं. माणसाला आपली ताकद ठाऊक नसते, ती अशीच काढून घ्यावी लागते, अशी तिची समजूत होती. पण माझ्यावर कोण किती भार टाकतं ते मला कळतं ना! लोक अंग राखून उठत होते. काका सोडले, तर 'शेवटचं' ऐकूनही कोणी जीव ओतत नव्हतं.

मग एकेक जण गळू लागला. ताईने फोन केले, भिंतीवर उत्साहाची वाक्यं चिकटवली. पालथ्या घड्यावर पाणी! एके दिवशी काकाही आले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही नाहीत.

तेव्हा काकांना घरीच सराव करता यावा म्हणून ताईने मला चक्क खांद्यावर घेतलं आणि दोन गल्ल्या ओलांडून काकांच्या घरी नेलं. रस्त्यातली माणसं वळून वळून बघत होती. मलाच लाजल्यासारखं झालं.

काका झाकलेल्या मशीनशेजारी बसून सदऱ्याला बटण लावत होते. आपलं काही चुकलं का, असं ताईने विचारलं. काकांनी सुईत दोरा ओवण्यात बराच वेळ काढला.

"तू शेवटचं म्हणालीस की मी उरलंसुरलं सगळं त्यात घालतो," ते म्हणाले. "मग तू अजून एक मागतेस. तेव्हा माझ्याकडे काहीच नसतं गं. पुन्हा त्या फरशीवर पडल्यासारखं वाटतं."

ताईचे डोळे भरून आले. ती माझ्यावर टेकली आणि हळूच म्हणाली, "यापुढे शेवटचं म्हणजे शेवटचंच, काका. मी शब्द मोडला, तर तुम्ही खुशाल उठून जा."

"त्यासाठी उठता यायला हवं ना," काका म्हणाले, आणि दोघंही हसली.

ताई शब्दाला जागली. सोपं नव्हतं ते. जिभेवर आलेलं 'अजून एक' तिने गिळताना मी पाहिलं आहे. गेलेल्यांपैकी काहीजण परतले, काही नाही परतले. काकांचा हात मात्र माझ्या कडेवर दिवसेंदिवस हलका होत गेला.

एकदा काकांचा मुलगा व्यायामशाळेत बघायला आला. काका जमिनीवर बसले आणि माझ्यावर हात टेकून उठले. "आता एकदाच," ताई म्हणाली, "आणि हे शेवटचं." काका पुन्हा खाली बसले. या वेळी त्यांनी मला बाजूला ढकललं. एक पाय पुढे रोवून त्यांनी दोन्ही हात गुडघ्यावर दाबले. ते थरथरले, मध्येच अडकले. मुलगा पुढे धावला, तसा ताईने त्याचा दंड धरला. आणि काका उभे राहिले.

मुलाने खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "आत्याला कळवतो, बाबा येत नाहीत म्हणून."

मित्रांनो, त्या शेवटच्या वेळी माझ्यावर कुणाचाच भार नव्हता, आणि रिकामं राहिल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही. माझं मागणं थोडकं आहे. माझ्यावर बसा, बूटही बांधा. पायाखालचं रबर झिजलं तर तेवढं बदला. आणि दमलेल्या माणसाला 'शेवटचं' म्हणालात, तर तिथेच थांबा.