ओल्या चढावर

चढावर नऊ पिवळे पट्टे होते. लांबी सदतीस पावलं, म्हणजे साधारण सव्वीस मीटर. डाव्या अंगाला लोखंडी कठडा, उजव्या अंगाला भिंत, मधोमध पाणी वाहून जायला एक जाळी. दुसऱ्या पट्ट्यापासून रबराचे दोन काळे ओरखडे सुरू होत होते. ते डावीकडे वळत गेले होते, आणि जिथे संपले तिथे कठड्याचे तीन गज बाहेर वाकले होते. अपघातानंतरच्या अकरा दिवसांत पाऊस जवळजवळ रोज पडला होता, तरी ओरखडे पुसले गेले नव्हते.

"किती वेळा मोजाल? पट्टे काही वाढायचे नाहीत," अपघात विभागाच्या दारातून सिस्टर म्हणाली. रुग्णवाहिकेत मागे रुग्णाजवळ ती बसायची, पुढे गाडी तो चालवायचा. सात वर्षं दोघं एकाच गाडीवर होते.

"बूट ठेवून बघ या पट्ट्यावर. मग शेजारी ठेव."

तिने छत्री सावरत पाऊल ठेवलं. रंगावर बूट सुळकन सरकला. शेजारच्या सिमेंटवर घट्ट टेकला.

"मग हेच सांगा ना आत चौकशीत."

"हे खरंय. पण एवढंच नाही."

तो छप्पन्न वर्षांचा होता आणि बावीस वर्षं याच रुग्णालयाची रुग्णवाहिका चालवत होता. सगळे त्याला अलगद म्हणत. त्याच्या गाडीत सलाईनची बाटली हलत नाही, असं कोणीतरी एकदा म्हणालं होतं, तेव्हापासून. अकरा दिवस मात्र त्याला या नावाने कोणी हाक मारली नव्हती. सगळे नुसतं 'अहो' म्हणत होते.

जुनी गाडी दमेकरी होती. फाटकातला दांडा वर जाईपर्यंत थांबावं लागायचं आणि लगेच चढ, त्यामुळे धावत यायची सोय नाही. फाटकातच एक्सलेटर तळाला टेकवायचा, इंजिन बोंबललं की क्लच सोडायचा, मग ती धापा टाकत वर यायची. पाय उचलला की मेलीच. दोन महिन्यांपूर्वी नवी गाडी आली. तिच्या इंजिनाची ओढ जुनीच्या अडीचपट, आणि ती पायाखाली लगेच यायची. कोरड्या रस्त्यावर त्याला तिची सवय झाली होती. निदान त्याला तसं वाटलं होतं.

त्या दुपारी मागे त्रेचाळीस वर्षांची बाई होती. छातीत कळ, घाम, ओठ निळसर. पुढे त्याच्या शेजारी तिचा धाकटा भाऊ. फाटकात थांबला तेव्हा मागून सिस्टर ओरडली, "लवकर चला, लवकर!" आणि त्याच्या पायाने दोन महिन्यांचं शिकलेलं सोडून बावीस वर्षांचं आठवलं. पहिला गिअर, एक्सलेटर तळाला. मागची चाकं दुसऱ्या पट्ट्यावर आली आणि जागच्या जागी गरगरली. समोर पिवळा दिवा लुकलुकला. चाक घसरतंय हे ओळखून गाडीने आपणहून इंजिनाचा जोर कमी केला.

त्याला वाटलं, इंजिन दम तोडतंय.

घसरण थांबवणारं हे यंत्र बंद करायचं एक बटण होतं. पुढचं सगळं तीन सेकंदांत झालं. गाडीची शेपटी डावीकडे फिरली, मागचं दार कठड्यात रुतलं, आणि बाजूच्या दारातून स्ट्रेचर निघेना. पहार आणून दार उचकटेपर्यंत चार मिनिटं गेली. बाई पावणेसहाला गेली.

काल गाड्यांच्या साहेबांनी त्याला व्हरांड्यात गाठलं होतं. गाड्या, ड्रायव्हर, दुरुस्ती सगळं त्यांच्या हाताखाली. नवी गाडी देताना पावसातलं प्रशिक्षण त्यांनी 'नंतर बघू' म्हणून पुढे ढकललं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बटण दोन्ही सीटांच्या मध्ये आहे," साहेब म्हणाले. "शेजारी बसलेला घाबरलेला माणूस मिळेल ते धरतो. तुम्ही कोणाचं नाव घेऊ नका. फक्त 'मला आठवत नाही' एवढंच म्हणा. पुढचं मी बघतो."

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"दीड वर्ष राहिलंय तुमचं," ती म्हणाली. "आठवत नाही म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

"मला आठवतंय."

"मग विसरा ना! माझ्या वाढदिवसाची तारीख तीस वर्षं विसरताच आहात."

तो हसला नाही. तीही हसली नाही. घडी हातात तशीच धरून ती म्हणाली, "त्या बाईच्या भावाला काय शिक्षा होणार आहे? त्याला कोण नोकरीवरून काढणार आहे?"



आज साडेदहाला त्याला आत बोलावलं. टेबलामागे तिघं: मधोमध चौकशी समितीच्या अध्यक्षबाई, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला गाड्यांचे साहेब. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन एक तरुण इंजिनिअर. गाडीतल्या नोंदी वाचायला तिला बोलावलं होतं. खिडकीपाशी मेलेल्या बाईचा भाऊ. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात.

इंजिनिअरने नोंद वाचली. "पहिला गिअर. एक्सलेटर ब्याण्णव टक्के. मागची चाकं ताशी एकतीस किलोमीटरने फिरतायत, गाडी ताशी चारने पुढे जातेय. इथे यंत्रणा जोर कमी करते. दोन सेकंदांनी यंत्रणा बंद केली जाते. मग एक्सलेटर शंभर टक्के." ती थांबली. "टायर नीट होते. खाचा साडेपाच मिलिमीटर."

"बटण कोणी दाबलं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"ते गाडीला कळत नाही."

साहेब भावाकडे वळले. आवाज मऊ होता. "तुम्ही पुढे बसला होता. हात कुठे होता तुमचा?"

"मी... मधलं काहीतरी धरलं होतं." भावाने उजवा हात वर करून स्वतःच पाहिला. "असेल लागला. अकरा दिवस मी तेच आठवतोय. ताईकडे वळून बघत होतो मी. लागला असेल, साहेब. माझ्याच हाताने झालं असेल."

साहेबांनी पेन उचललं.

"बटण मी दाबलं," ड्रायव्हर म्हणाला.

"घाई नाही, नीट आठवून सांगा," साहेब म्हणाले.

"नीट आठवतंय. डाव्या अंगठ्याने. दाबून धरावं लागतं, नुसता हात लागून ते बंद होत नाही. मला वाटलं गाडी मरतेय. जुनी मरायची तशी. म्हणून ते बंद केलं आणि अजून दाबलं. यांचा हात तिथे नव्हता. यांनी वरची कडी धरली होती."

इंजिनिअर हळूच म्हणाली, "हो, बटण दीड सेकंद दाबून धरावं लागतं." साहेबांनी पेन खाली ठेवलं.

भावाने हात मांडीवर ठेवला आणि त्या हाताकडे पाहिलं. मग त्याने डॉक्टरांना विचारलं, "चार मिनिटं आधी पोचली असती तर?"

"खरं सांगतो, सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

तो ड्रायव्हरकडे वळला. "आणि तुम्ही? ते दाबलं नसतं, तर गाडी चढली असती? की पट्ट्यांमुळे अडकलीच असती?"

"मला माहीत नाही."

"अहो, बावीस वर्षं चालवताय!"

"पावसात ही गाडी मी या चढावर त्या दिवशी पहिल्यांदाच घातली. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय जेमतेम टेकवून... चढेल असं वाटतं. पण माहीत नाही."

"मोजता येईल," इंजिनिअर म्हणाली. "बाहेर पाऊस आहेच."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "निकाल काहीही येवो, आजपासून तुम्ही गाडीवर नाही. एवढं लक्षात ठेवून चालवायची असेल तर चालवा."

"चालवतो. मलाही कळायला हवं."

गाडी फाटकापाशी आणली. दार बदललेलं होतं, त्याचा पांढरा रंग बाकीच्यापेक्षा जास्त पांढरा दिसत होता. सिस्टर न सांगता मागे चढली आणि स्ट्रेचरवर आडवी झाली.

"तू कशाला?" त्याने विचारलं.

"वजन तेवढंच हवं ना? तिच्यापेक्षा चार किलो जास्तच भरेन मी, कमी नाही. पट्टा बांधा कोणीतरी." मग छताकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी मी ओरडले तुमच्यावर."

"तू ओरडणारच. ते तुझं काम होतं."

भाऊ पुढे येऊन बसला. कोणी त्याला बस म्हटलं नव्हतं, कोणी नको म्हटलं नाही. त्याने वरची कडी धरली. इंजिनिअर त्यांच्या मागच्या छोट्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली.

दांडा वर गेला. ड्रायव्हरने दुसरा गिअर टाकला, चाकं सरळ केली, क्लच इतका सावकाश सोडला की गाडी कधी हलली ते कळलं नाही, आणि एक्सलेटरवर पायाच्या बोटांचं नुसतं ओझं ठेवलं. काचेवरून पाणी जात होतं. दुसऱ्या पट्ट्यावर मागची चाकं आली तेव्हा शेजारी भावाने कडी आणखी घट्ट धरली. पिवळा दिवा लागला नाही. तिसरा पट्टा. जाळी. वाकलेले गज काचेच्या कडेने मागे गेले. वरच्या छपराखाली आल्यावर पावसाचा आवाज एकदम बंद झाला.

त्याने हँडब्रेक ओढला.

"दुसरा गिअर," इंजिनिअरने वाचलं. "एक्सलेटर जास्तीत जास्त चौदा टक्के. पट्ट्यांवरही चाकाची घसरण नाही. फाटकापासून दारापर्यंत बारा सेकंद."