मागचं चाक

"अगं!" खुर्चीतून उस्ताद ओरडले.

ती दचकली. पुढचं चाक मांडीवर, नवा टायर अर्धा रिमवर अन् अर्धा बाहेर लोंबतोय, हात कोपरापर्यंत काळे.

"पाणी हवंय का?"

उस्तादांनी डाव्या हाताने हवेत फटका मारला. पाणी नको होतं.

"मग पंखा लावू?"

"अगं, अगं!"

"अहो, मग झालंय तरी काय?"

आता काय सांगणार बिचारे! लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली ती गेलीच, वर वाचाही गेली. सगळे शब्द गेले आणि हा एकटा मागे राहिला. लग्न झाल्यापासून बायकोला याच नावाने हाक मारलेली, तोच जिभेला चिकटून बसला. डॉक्टर आले तरी अगं, शेजारी आले तरी अगं. जावयालाही अगं म्हणाले, तेव्हा लेक तोंडावर हात दाबून हसली आणि मग आत जाऊन रडली.

बायकोचं मात्र त्यावाचून काही अडलं नाही. एका अगंचे किती अर्थ असतात ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? चहा हवा तर अगं, चष्मा सापडेना तर अगं, आणि चूक स्वतःची असली की जरा लांबवलेला अगं. सगळा संसार तेवढ्यावरच तर झाला होता. तिला भीती होती ती वेगळीच. दवाखान्यातून घरी आल्यापासून तो शब्दही आटत चालला होता. उस्ताद भिंतीकडे तोंड करून पडायचे. दिवसचे दिवस हाक नाही. माणूस घरात असून नसल्यासारखा, आणि ते तिला सोसवत नव्हतं.

म्हणून तिने त्यांचं बंद पडलेलं सायकलीचं दुकान उघडलं. लेक फोनवर म्हणाली, "आई, तुला सायकलीतलं ओ की ठो कळत नाही!"

"मला कशाला कळायला हवं? त्यांना कळतं ना? दुकान उघडलं तर ते उठून बसतील गं, एवढंच."

तिने दारात खुर्ची मांडून उस्तादांना बसवलं. पहिलं गिऱ्हाईक आलं ते नेहमीच्या पेपरवाल्याचं, तो सायकल ठेवून गेला. पुढचा-मागचा टायर आणि दोन्ही ट्यूब नव्या टाकायच्या होत्या. तिने जन्मात कधी चाकाला हात लावला नव्हता. उस्तादच लावू द्यायचे नाहीत. स्वयंपाकाचे हात वंगणात कशाला घालतेस, म्हणायचे.

पण सकाळपासून उस्ताद जागे झाले होते! उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे खुर्चीतून चाक हाकत होते. ट्यूब आत घालण्याआधी तिच्यात थोडी हवा भरायची राहिली, की अगं! व्हॉल्व्ह वाकडा बसला, की अगं! प्रत्येक ओरड्यासरशी तिच्या जिवात जीव येत होता. ओरडा, हवं तेवढं ओरडा, ती मनात म्हणत होती.

आता टायरचा शेवटचा वीतभर काठ काही केल्या आत जाईना, म्हणून तिने लोखंडी पट्टी लावली होती. उस्तादांची नजर त्या पट्टीवरच होती. तिने वाकून पाहिलं. काठाखाली ट्यूब चिमटली होती. आणखी एक जोर दिला असता तर नवी कोरी ट्यूब फाटली असती.

"अगंबाई!" ती म्हणाली.

तिने पट्टी टाकली, बोटाने ट्यूब आत सारली आणि दोन्ही अंगठ्यांनी टायर रेटला. अंगठे सोलवटले, पण टायर टपकन बसला. पंप मारला, चाक टम्म झालं.

"अगं," उस्ताद हळूच म्हणाले. ओठांची चालणारी बाजू हसत होती. झटक्यानंतर पहिल्यांदाच. तिला रडूच आलं.

तेवढ्यात पेपरवाला परत आला. त्याने चाक गरकन फिरवून पाहिलं. "वा! कुणी बसवला टायर?"

"ह्यांनीच," ती पटकन बोलून गेली. "दुसरं कोण बसवणार?"

चांगल्या मनानेच बोलली हो. नवऱ्याचा मान राहावा, एवढंच.

"मानलं, उस्ताद! मी सगळ्यांना सांगत होतो, हा हात थांबायचा नाही म्हणून!" आणि त्याने उस्तादांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन हलवला.

हात ओल्या फडक्यासारखा लोंबला. बोटं हलली नाहीत. पांढरीफटक, स्वच्छ बोटं, वंगणाचा एक डाग नाही. पेपरवाल्याने तिच्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि काय ते समजला. त्याने उस्तादांचा हात जपून त्यांच्या मांडीवर परत ठेवला. "मागचं चाक होईस्तोवर मी चहा घेऊन येतो, वहिनी," असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला.

उस्ताद मांडीवरच्या त्या हाताकडे बघत राहिले.

"अहो, मागचं घेऊ ना?"

तिने मागचं चाक काढलं, जुना टायर उतरवला. "आता आधी थोडी हवा, बरोबर ना?" ती बोलत राहिली. "व्हॉल्व्ह सरळ आहे ना हो?" खुर्चीतून हूं नाही की चूं नाही. मी मेली, कशाला बोलले मी ते, असं तिला झालं. जीभ छाटून टाकावीशी वाटली.

शेवटचा वीतभर काठ राहिला. तो अंगठ्यांनी गेला असता. तिने पट्टी उचलली. मुद्दाम. ट्यूब काठाखाली चिमटवली, ती बाहेर दिसेल अशी, आणि चाक उस्तादांच्या पुढ्यात नेऊन धरलं.

"अहो, असंच ना?"

उस्तादांनी पाहिलं. नीट पाहिलं. चिमटलेली ट्यूब त्यांना दिसली हे तिला कळलं. त्यांचे ओठ किंचित हलले. मग त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

"फाटेल ना हो," ती म्हणाली. "ओरडा ना."

रस्त्यावरून माणसं ये-जा करत होती. उस्ताद त्यांच्याकडे बघत बसले.

ती बराच वेळ पट्टी धरून थांबली. मग तिने पट्टी खाली ठेवली, ट्यूब आत सारली आणि अंगठ्यांनी टायर रेटला. या वेळी तो लगेच बसला.