आजोबा खरंच रडी खायचे का?

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. माझ्यावर बसण्याआधी पाच पायऱ्या चढाव्या लागतात. टेनिसच्या कोर्टाशेजारी, जाळीच्या टोकाला मी चौतीस वर्षं उभी आहे. खेळाचा निकाल देणारा पंच माझ्यावर बसतो. आमच्याकडे पंच एकच, आजी. खेळाडू दोनच, आजोबा आणि त्यांचे मित्र खिळेवाले. आणि भांडणही एकच, ते चौतीस वर्षं पुरलं : आजोबा रडी खातात की नाही? त्याचा निकाल गेल्या रविवारी लागला. पण आधी थोडं माझ्याविषयी सांगते, कारण एरवी मला कोणी विचारत नाही.

आजोबांचा दोऱ्यांचा कारखाना होता. मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी कोर्ट करायला घेतलं आणि सुताराला उंच खुर्ची करायला सांगितली. सुताराने जन्मात टेनिस पाहिलं नव्हतं. "मालक, वर बसून नक्की काय रंगवायचंय?" असं त्याने तीनदा विचारलं आणि शेवटी शिडीलाच पाठ आणि हात जोडून मला उभं केलं. यंत्रांना लावून उरलेला हिरवा रंग मला मिळाला. मी दिसायला देखणी नव्हते, पण दणकट होते.

कोर्टाची पलीकडची बाजू गवंड्याने टेप लावून आखली आणि तो जेवायला गेला. आजोबांना कुठला धीर! त्यांनी कारखान्यातली दोरी आणली आणि अलीकडची मागची रेघ स्वतःच आखून टाकली. मी तेव्हा आठ दिवसांची होते. सगळ्या रेघा अशाच आखतात, असं मला वाटलं. पुढे रंगारी दरवर्षी त्याच रेघांवरून कुंचला फिरवत राहिला.

धंद्यात आजोबांचा शब्द म्हणजे शब्द. दोरी मोजून झाली की वर एक वीत सोडूनच ते कापायचे. "गाठ मारण्यात जी दोरी जाते, ती गिऱ्हाइकाने का सोसायची?" असं म्हणायचे. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी त्यांचा हात ऐकत नसे.

पण हाच माणूस कोर्टावर उतरला की वेगळाच होई. ते कायम अलीकडच्याच बाजूला खेळत, कारण ऑफिसातला फोन तिथून ऐकू येई. खिळेवाले पलीकडे, झाडाच्या सावलीत. बाजू बदलायचा नियम दोघांनी संगनमताने गुंडाळून ठेवला होता. खिळेवाल्यांनी लांब फटका मारला, चेंडू आजोबांच्या मागच्या रेघेवर टपकला, की आजोबा रॅकेट खाली टाकायचे.

"आऊट!"

"आत," आजी वरून म्हणायच्या. त्यांचे डोळे विणकामावर असले तरी रेघेवरून हलत नसत.

"अगं, ज्या उंचीने तो जाळीवरून आला, तो आत पडूच शकत नाही! वीस वर्षं खेळलोय मी क्लबात!"

"मी रेघ बघते. उंची बघत नाही. पुढे खेळा."

"दोरीवाल्या, रडी खाऊ नकोस!" पलीकडून खिळेवाले ओरडायचे. "वहिनी, याला आज जेवण देऊ नका!"

"देणारच नाहीये," आजी म्हणायच्या.

मग आजोबा गाल फुगवून खेळायचे आणि हरायचे. असं आठवड्यातून तीनदा. नातवंडं मोठी झाली तशी तीही माझ्याभोवती नाचत "रड्या आजोबा, रड्या आजोबा" म्हणू लागली. आजोबा सगळ्यांवर रागवायचे, पण घरी जाताना माझ्यावरून उतरणाऱ्या आजींना हात मात्र द्यायचे. त्या तो हात झिडकारून स्वतःच उतरायच्या. माझी तिसरी पायरी कुरकुरायची, तर म्हणायच्या, "हिलाही तुमच्यासारखीच सवय लागलीय."

गेल्या वर्षी आजोबा गेले. तेव्हापासून आजी कोर्टाकडे फिरकल्या नाहीत. माझ्या खाली मांजर व्यालं, माझ्या हातांवर फडकी वाळू लागली. पावसाळ्यात माझ्या पाठीवर अळंबी उगवली, तीही चांगली टोपीवाली. आजींचा मुलगा म्हणाला, "लाकूड चांगलंय, फळ्या होतील." मित्रांनो, स्वतःच्या फळ्या होण्याची चर्चा ऐकणं काही सुखाचं नसतं.

पण वर्ष झालं तेव्हा नातीने हट्ट धरला : आजोबांच्या आठवणीसाठी सामना खेळायचा. रविवारी सकाळी सगळे जमले. खिळेवाले काठी टेकत आले. प्रत्येक जण आजोबांबद्दल बोलला. कोणाला अडचणीत त्यांनी कसं सांभाळून घेतलं, कामगारांच्या मुलींच्या लग्नांच्या तारखा त्यांना कशा तोंडपाठ असत. शेवटी खिळेवाले म्हणाले, "देवमाणूस होता. फक्त कोर्टावर रडी खायचा!" सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. "मीच लावला तो डाग," एवढंच त्या म्हणाल्या. "निदान एकदा तरी त्यांच्या बाजूने द्यायला हवा होता निकाल."

पुसट रेघा नव्याने रंगवायच्या, म्हणून नात स्टीलची टेप घेऊन आली होती. पलीकडची बाजू जाळीपासून बरोबर एकोणचाळीस फूट भरली. अलीकडची तिने मोजली. पुन्हा मोजली.

"आजी, ही बाजू नऊ इंच लांब आहे."

"टेप वाकली असेल," खिळेवाले घाईने म्हणाले.

आजी उठून रेघेजवळ आल्या. कमरेतून वाकून त्यांनी आपला पंजा जमिनीवर टेकवला, अंगठा आणि करंगळी ताणून. बरोबर एक वीत.

"गाठीची वीत," त्या म्हणाल्या. "कोर्ट आखतानाही सोडली या माणसाने!"

मला आठ दिवसांची असतानाची ती दुपार आठवली. त्यांचा दोरीवरचा हात मापापाशी आला होता आणि तसाच पुढे सरकला होता.

"म्हणजे..." खिळेवाल्यांचा चेहरा पडला. "म्हणजे त्या बाजूला माझे जे लांब बॉल पडले..."

"आऊट होते, भावजी. ते म्हणत होते तसेच."

मग आजी माझ्याकडे आल्या. "मला वर चढवा."

"आई, गुडघे!" मुलगा ओरडला.

"गुडघे माझे आहेत."

दोघांनी धरून त्यांना चढवलं. तिसरी पायरी मी दातओठ खाऊन गप्प ठेवली. आजी बसल्या, पदराने डोळे पुसले, चष्मा नीट केला.

"धाकटा झाला त्या वर्षी, पहिल्या पावसानंतरचा सामना. शेवटचा फटका. आऊट."

"वहिनी!"

"त्याच्या पुढच्या आठवड्यातले दोन. आऊट, आऊट. कारखान्याला सुट्टी होती त्या दिवशीचा, मी डोकं दुखतंय म्हणून ओरडले होते यांच्यावर, तो. आऊट."

"अहो, तो तरी आत होता! चांगला हातभर आत! वहिनी, तुम्ही आता रडी खाताय!"

नात खाली बसून सगळं वहीत लिहून घेत होती. दुपारच्या जेवणापर्यंत जेमतेम चार वर्षं उरकली.

मित्रांनो, कोणाला रड्या म्हणण्याआधी एकदा जमीन मोजून बघा, एवढंच माझं सांगणं. आणि कोणाकडे थोडा हिरवा रंग आणि दोन मोठे खिळे असतील तर तेवढे माझ्यासाठी पाठवा. आजी उद्या सकाळी पुन्हा चढणार आहेत. अजून एकोणतीस वर्षं बाकी आहेत, आणि खिळेवाले म्हणालेत की एकेका चेंडूसाठी भांडणार.