मेंढीकोटातली चौथी जागा

आधीच सांगते, मी तक्रारखोर मुलगी नाही. पण दुसऱ्यांच्या घरी पत्ते खेळायला बसलं की माझ्याच्याने बघवत नाही. कारण लोक घर नीट चालवतात, पोरं नीट वाढवतात, कंपनीत तीस-तीस वर्षं नीट काम करतात, आणि पत्त्यांचा एक डाव त्यांना नीट मांडता येत नाही.

खेळ म्हणजे मेंढीकोट. चार माणसं, समोरासमोरच्या दोघांची जोडी. कॅटमधल्या चार दश्श्या म्हणजे मेंढ्या, त्या जास्तीत जास्त आपल्या जोडीकडे ओढायच्या. पैसे वगैरे काही नाही, नुसती इज्जत.

आमच्या बाबांचा हा खेळ कंपनीच्या बसमध्ये सुरू झाला. रंभामावशी चाकणच्या त्याच कंपनीत कँटीनला होती. ती दापोडीला चढायची आणि मागची सीट पिशवी टाकून धरून ठेवायची. चिंचवडला बाबा चढायचे. निगडीला उद्धवकाका आणि निरंजनकाका. तिथून पुढे चाकणपर्यंत चौघांच्या गुडघ्यांवर एक सॅक आडवी, आणि सॅकवर डाव. कंपनीचं गेट आलं की डाव आहे तिथे बंद. तोवर ज्यांच्या मेंढ्या जास्त, ते जिंकले. पुढे उद्धवकाका रिटायर झाले, मावशीने कँटीन सोडलं, आणि खेळ रविवारी दुपारी एकेकाच्या घरी आला. या जूनमध्ये निरंजनकाकांची बदली झाली गुजरातच्या प्लांटला, आणि चौथी जागा रिकामी झाली.

त्या जागेला उमेदवार दोन. एक प्रज्वलदादा, उद्धवकाकांचा भाचा. मारुंजीला भाड्याने राहतो, कॉम्प्युटरवर नोकरी करतो, मोबाइलवर पत्ते खेळून खेळून इतका तयार झालाय की कुठलं पान पडून गेलं आणि कुठलं कुणाकडे आहे हे त्याला पाठ असतं. दुसरी उमेदवार मी. दीक्षा, नववी ब.

"शाळंतलं पोर," उद्धवकाका बाबांना फोनवर म्हणाले होते, "दोन डावांत कट्टाळंल. आमी भांडत बसतो तासतास."

"तीन रविवार द्या," बाबा म्हणाले. "प्रत्येकाच्या घरी एकेक. मग तुम्ही ठरवा."

बसमधला कॅट उद्धवकाकांचा होता, म्हणून ठरवणार तेच. याला कुणाची हरकत नव्हती. मला बाबांनी एकच अट घातली. "कुणाच्या घरी जाऊन खोट काढायची नाही."

मला ती जागा किती हवी होती, हे सांगितलं पाहिजे. बाबा कामावरून आले की जेवणाच्या ताटाभोवती सगळा डाव परत मांडायचे, कुणी काय टाकलं, कोण कसं फसलं. त्यामुळे पाचवीत असताना मला मेंढीकोट येत होता आणि माणसांशी बोलता येत नव्हतं. रविवारी ही मंडळी आमच्याकडे जमली की मी पाणी द्यायचे आणि आतल्या खोलीत पळायचे. चार वर्षं मी भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकलं. मग यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदन करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी माईक माझ्या हातात कोंबला, आणि तेव्हापासून माझं तोंड काही बंद झालेलं नाही. आता मला भिंतीच्या अलीकडे बसायचं होतं.

पहिला रविवार, निगडी. उद्धवकाका स्वतः सोफ्यावर, आम्ही तिघं खाली चटईवर. म्हणजे त्यांना आमची पानं वरून दिसणार, आम्हाला त्यांचे गुडघे. टीव्ही चालू. प्रज्वलदादा शेजारी खुर्चीत बसून शांतपणे बघत होता. मी आणि बाबा दोन मेंढ्या घेऊन तिसरीच्या मागावर होतो, त्यांच्याकडे एक होती. तेवढ्यात काकांनी चौथीवर झडप घातली, बरोबरी केली, आणखी दोन हात ओढले आणि पानं पालथी घातली.

"गेट आलं," ते म्हणाले.

मी दाराकडे बघितलं. मला वाटलं फाटकापाशी कुणी आलंय.

"अगं, डाव संपला," बाबा हळूच म्हणाले. "ज्याच्या घरी खेळ, त्याने गेट आलं म्हणायचं. बरोबरी असेल तर ज्यांचे हात जास्त त्यांचा डाव."

"पण पानं शिल्लक आहेत."

"गेटापुढं पानं न्हाई चालत, पोरी," काका म्हणाले. मग त्यांनी एक डाव प्रज्वलदादाला माझ्या जागी बसवून बघितलं. तो एक शब्द न बोलता खेळला, एक पान चुकला नाही, आणि डाव संपल्यावर "छान" म्हणून परत खुर्चीत गेला. मी चटईवर परत माझ्या जागी बसले.

दुसरा रविवार, दापोडी. रंभामावशीकडे जेवण असं की विचारू नका. पण तिच्या कॅटमध्ये चौकटची सत्ती नाही. तिच्या जागी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा. मागून गुलाबी. म्हणजे चौकटची सत्ती कुणाकडे आहे हे गल्लीलाही कळतं. शिवाय मावशीने पदर सारखा केला की तिच्याकडे इस्पिक जास्त, चष्मा वर केला की हुकूम संपला, हे मला दुसऱ्या डावालाच कळलं, आणि उद्धवकाकांना तर बसमधल्या पहिल्या महिन्यापासून माहीत असणार, कारण त्या दिवशी ते तिचे जोडीदार नसले तरी तिचा पदर बघून खेळत होते. टाकलेलं पान मावशी बिनधास्त उचलायची. "हे म्या टाकलंच नव्हतं, ते पडलं." आणि खिडकीशी शेजारीण आली की सगळे हातात पानं धरून तिच्या सुनेचं बाळंतपण ऐकत बसणार.

निगडीचं ते एक वाक्य सोडलं तर मी दोन्ही रविवारी एक अक्षर बोलले नाही. बाबांना विचारा. पण घरी येताना प्रत्येक वेळी मनात एकच. येऊ देत आमच्याकडे. मी दाखवते खेळ कसा चालवतात.

बाबा क्वालिटीला आहेत. त्यांच्या कंपनीत प्रत्येक मशीनच्या वर एक कागद असतो, काम कुठल्या क्रमाने करायचं, काय करायचं नाही. मी तसाच कागद केला. वर ठळक अक्षरांत "मेंढीकोट : कार्यपद्धती", खाली सात नियम. कॅट पूर्ण बावन्न पानांचा. जोड्या चिठ्ठ्या टाकून. टाकलेलं पान परत नाही. डाव चालू असताना पानांविषयी बोलणं, विचारणं, इशारे बंद, हा चौथा. तेरा हात झाल्याशिवाय डाव संपत नाही. टीव्ही आणि मोबाइल बंद. तीन डावांनंतर दहा मिनिटं चहा. प्लास्टिकच्या कव्हरात घालून मी तो हॉलच्या भिंतीवर चिकटवला.

बाबांनी चष्मा लावून वाचला. "दीक्षा, हे लावायचंच का?"

"बाबा, स्टँडर्ड नसेल तर क्वालिटी येत नाही असं कोण म्हणतं?"

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. आई आतून म्हणाली, "भोगा आता."

तिसरा रविवार. उद्धवकाका आले, चपला काढल्या, कागद पाहिला. आणि मग जे झालं ते मी कधीच विचारात घेतलं नव्हतं. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, हात मागे बांधून. रंभामावशीनेही वाचला. दोघं एकमेकांकडे बघून मान हलवून आपापल्या जागी बसले. ताठ.

"सही कुठं करायची?" काका म्हणाले.

"सहीची गरज नाही काका."

"बरं."

चिठ्ठ्या टाकल्या. माझी जोडी नेमकी उद्धवकाकांशी आली, बाबांची मावशीशी. मी पानं वाटली. आणि ही तीन माणसं तो कागद पाळू लागली. अगदी तंतोतंत. आयुष्यभर असल्या कागदांखाली काम केलेली माणसं ती, त्यांच्याइतकं तो पाळणार कोण? पान उचल, पान टाक, हात ओढ. मावशीचा पदर जागचा हलला नाही. तीन डाव पंचवीस मिनिटांत. दोन त्यांचे, एक आमचा, कुणी "वा" म्हटलं नाही. चहा आला तो काका उभ्याने प्यायले आणि घड्याळ बघून नवव्या मिनिटाला कप ठेवला.

"मॅडम," मावशी मला म्हणाली, "पाणी प्यायला जाऊ का, का डाव झाल्यावर?"

"मावशी, असं काय करतेस."

"न्हाई, कागदावर दिसंना म्हणून इचारलं."

खेळ इतका स्वच्छ होता की त्यात काही नव्हतं. मी भिंतीच्या अलीकडे बसले होते आणि हसणं मात्र कुठेच ऐकू येत नव्हतं. काकांनी परत घड्याळाकडे बघितलं. साडेतीनही वाजले नव्हते. हे लोक इतर वेळी संध्याकाळी आई दिवे लावायला आली की उठायचे. चार वाजता काका निघतील, जाता जाता प्रज्वलदादाला फोन लावतील, मला सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. कागद काढून टाकावा असंही वाटलं, पण स्वतःचाच कागद स्वतः काढायचा म्हणजे फारच झालं.

चौथा डाव. हुकूम इस्पिक. बाबांनी बदामाचा राजा टाकला. मी त्यावर एक्का मारला. मावशीने बारकं पान दिलं. शेवटचे काका. बदामाची मेंढी त्यांच्याकडे असेल तर आत्ता द्यायची, माझ्या एक्क्यावर, कारण त्यांच्यामागून खेळणारं कुणी नाही. लहान मूलसुद्धा देईल. काकांनी एक पान अर्धं वर काढलं. माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. पान परत खाली सारलं आणि चौका टाकला.

मला वाटलं, नसेल त्यांच्याकडे.

दोन हातांनंतर बाबांनी परत बदाम काढला. मी दुरी दिली. मावशीकडे बदाम संपला होता, तिने इस्पिकाने कापलं. आणि काकांनी, काढावंच लागलं म्हणून, एकुलतं उरलेलं बदामाचं पान खाली ठेवलं. मेंढी. सरळ मावशीच्या घरात.

"काका," मी म्हणाले, आणि मग मला थांबता आलं नाही. "माझा एक्का पडला होता. शेवटचं पान तुमचं होतं. मेंढी हातात धरून चौका कुणी टाकतं का?"

बाबांनी डोळे मिटून घेतले.

"नियम चार," काका म्हणाले. "डाव चालू हाय."

"असू देत. का नाही टाकलीत?"

"इचारणार हुतो तुला, टाकू का म्हणून. बोट पानावर हुतं. इचारायला बंदी हाय न्हवं?"

"यात विचारायचं काय? तुमच्यामागे होतं कोण, वॉचमन?"

रंभामावशी फस्सकन हसली. तोंडावर पदर धरला तिने, पण हसू पदरातून बाहेर यायला लागलं.

"तुला काय ठावं," काका पुढे सरकले. त्यांनी पानंच खाली ठेवली. "पैल्या फेरीला मेंढी देत न्हाई आमी. येवढी वर्सं बसमदी खेळलो."

"मग इतकी वर्षं चुकलात."

"दीक्षा," बाबा म्हणाले.

"तू गप रे," काका बाबांना म्हणाले. "तिला बोलू दे. चुकलो कसा सांग?"

मी पडलेले हात उलटे करून चटईवर मांडायला लागले. हा राजा, हा एक्का, ही मावशीची तिर्री. काका माझं मांडलेलं विस्कटून त्यांचं मांडायला लागले. मावशी सांगायला लागली की खरं तर चूक बुद्धरत्नची, म्हणजे बाबांची, राजा आधी काढायचाच नव्हता. बाबा म्हणाले, राजा नसता काढला तर एक्का बाहेर कसा पडला असता. आई कणकेच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली की मला खेळातलं काही कळत नाही, पण ज्याच्या हातात मेंढी त्याने दुसऱ्याचं तोंड बघत बसू नये. काका आईला म्हणाले, वहिनी तुमी बी? मावशी आता उघड हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आत्ता बरं वाटलं गं लेकरा. मघापासून मला वाटायलं, ह्या घरात कुणी गेलंय का काय."

पाच वाजले तरी तो एक डाव संपला नव्हता. तो कुणी खेळतच नव्हतं. काकांनी चारी रंग चटईभर पसरले होते आणि त्यांचं म्हणणं होतं की आपलं बरोबर आहे, फक्त ते इथे नीट मांडता येत नाही.

"पुढच्या आयतवारी घरी ये," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "टेबलावर मांडून दावतो. सगळी पानं उघडी. मग बोल."

"पुढच्या रविवारी तर परज्वल बसणार न्हाई का?" मावशी म्हणाली. अगदी साळसूदपणे, चष्मा पुसत.

मी चटईवरचा बदामाचा राजा उगाच सरळ केला.

"त्यो बसून काय करंल?" काका म्हणाले. "चुकत न्हाई त्यो. चुकला न्हाई तर त्याला बोलायचं काय? आन् आमी चुकलो तर त्यो बोलत न्हाई." मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, सहावा नियम मोडून, आणि फोन लावला. "व्हय, प्रज्वल. न्हाई, नको येऊस. जागा भरली. पोरगी हाय बुद्धरत्नची. लई भांडते. बरं, जेवायला ये मात्र."

प्रज्वलदादा पलीकडून काहीतरी म्हणाला.

"छान म्हणतोय," काकांनी आम्हाला सांगितलं.

आईने भजी तळली. आम्ही नव्याने पानं वाटली आणि तीन डाव खेळलो, त्यातले दोन हरलो. मावशीने दोनदा पान परत उचललं. मी दोन्ही वेळा तिचा हात धरला, तिने दोन्ही वेळा सोडवून घेतला. काका दर हाताला मला मोठ्याने "टाकू का?" विचारत होते आणि मी काहीही सांगितलं तरी स्वतःला हवं तेच टाकत होते.

चौथी जागा माझी आहे. मला त्यात भांडण नाही. पण बदामाची ती मेंढी तेव्हाच द्यायला हवी होती, आणि हे मी रविवारी निगडीला, टेबलावर, सगळी पानं उघडी मांडून सिद्ध करणार आहे.