आडव्या दरवाज्यावरचा सामना

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. पण मला शोधायला याल तेव्हा उभा दरवाजा शोधू नका, फसाल. गेली नऊ वर्षं मी आडवा आहे. आळसाने नव्हे हं, कामानेच. एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात मला टेबलासारखं दोन लोखंडी घोड्यांवर ठेवलं आहे आणि माझ्यावर चाकं, चेन, पेडल, पाने असा सगळा पसारा असतो. अंगाला ग्रीसचा वास येतो. तुम्ही कदाचित नाक मुरडाल, पण मला तो वास आता आवडतो.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. जाड फळ्या जोडून, रंधा मारून, बिजागऱ्या ठोकून त्याने मला हिरवा रंग दिला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा आपल्यापेक्षा जास्त टिकेल." ती माझी पहिली शाबासकी. मग मला गावाच्या फुटबॉल मैदानावर नेलं आणि खेळाडूंच्या खोलीला बसवलं. तिथे मी एकोणीस वर्षं उभा होतो. संघ जिंकला की माझ्यावर थापा पडायच्या आणि हरला की लाथा. दोन्ही मी निमूटपणे खाल्ल्या.

त्या एकोणीस वर्षांत मी सहा प्रशिक्षक पाहिले. एक गोष्ट सगळ्यांची सारखी होती. सामना हरला की प्रशिक्षक आत यायचा, मला लावून घ्यायचा आणि खेळाडूंशी बोलण्याआधी क्षणभर माझ्यावर पाठ टेकून उभा राहायचा. बाहेर लोक ओरडत असायचे, "काढा त्याला! हाकला!" आत ती पाठ थरथरत असायची. हे मला माहीत होतं. तरी पुढे मी कसा वागलो, ते ऐका.

विसाव्या वर्षी मैदानावर चकचकीत लोखंडी दरवाजा आला आणि मला उचकटून भिंतीमागे टाकलं. तीन पावसाळे मी चिखलात पडून होतो. गोगलगायी माझ्यावरून आरामात हिंडायच्या. एवढी वर्षं ज्यांच्यासाठी वारा अडवला, त्यांच्यातल्या एकानेही चौकशी केली नाही. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

शेवटी सायकलवाले मिस्त्री मैदानावर जुन्या सायकली न्यायला आले. त्यांनी मला पायाने हलवून पाहिलं, मग खाली बसून हाताने चाचपलं आणि म्हणाले, "लाकूड अजून दणकट आहे की!" त्यांनी मला हातगाडीवर घालून दुकानात आणलं, धुतलं, वाळवलं आणि आडवं ठेवलं. माझ्या कडेला कुलपाचं एक भोक होतं, त्यातून बारीकसारीक सामान खाली पडायचं. मिस्त्रींनी ट्रकचा एक भलामोठा गंजका नट आणून त्या भोकावर बसवला. तो तिथून कधीच हलला नाही.

आता खरी गोष्ट सुरू होते.

आमच्या गावाचा सामना शनिवारी असतो आणि तो रविवारी सकाळी माझ्यावर पुन्हा खेळला जातो. मिस्त्री खडूने माझ्यावर मैदान आखतात. कुलपाचं भोक हा आपला गोल आणि त्यावरचा गंजका नट हा आपला गोली. डब्यातले छोटे नट म्हणजे आपले खेळाडू, आणि पत्र्याचे चपटे वायसर म्हणजे समोरचा संघ. चर्चा संपली की सगळे डब्यात परत. गोली मात्र आपल्या जागी, आठवडाभर पहाऱ्यावर.

या सभेचे सभासद तीन. मी त्यांना कोपरांवरून ओळखतो. मिस्त्रींचं कोपर तेलकट आणि शांत. ते फार बोलत नाहीत, नुसते नट सरकवतात. पोस्टमनकाकांचं कोपर एका जागी टिकत नाही. गावभर पत्रं वाटताना ते गावभरची मतंही गोळा करतात आणि इथे आणून ओततात. तिसऱ्या बाई. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं कोपर टोकदार आणि मतंही तशीच. पोस्टमनकाका त्यांचेच विद्यार्थी असल्यामुळे पन्नाशी उलटली तरी बाई त्यांना अरेतुरे करतात आणि ते ऐकून घेतात.

त्या वर्षी आपल्या संघाचं काही खरं नव्हतं. नवे प्रशिक्षक आठ महिन्यांपूर्वी परगावाहून आले होते. गाव त्यांना नुसतं 'सर' म्हणायचं. सर आले आणि संघ ओळीने सहा सामने हरला. गुणतक्त्यात आपण तळाला गेलो. वर्षाच्या शेवटी जो तळाला राहील तो खालच्या गटात जाणार होता.

"मध्ये माणूसच नसतो!" पोस्टमनकाका माझ्यावर मूठ आपटायचे. "समोरचे हात हलवत येतात नि गोल मारून जातात. काल भाजीवालीसुद्धा म्हणाली, पोस्टमनदादा, मधे एवढी जागा का सोडतात हो?"

"डावी बाजू तर धर्मशाळाच आहे," मिस्त्री हळूच म्हणायचे.

"हा माणूस विचारच करत नाही," बाई म्हणायच्या. "विचार केला तर उत्तर सापडतं."

आणि बाईंनी खरोखरच उत्तर शोधलं. एका रविवारी त्या चौकटीची वही घेऊन आल्या. डब्यातले नट त्यांनी स्वतः मोजून काढले. "मागे चार, मधे चार आणि पुढे तीन. चार आणि चार आठ, आठ आणि तीन अकरा. आता वायसर चालव, पोस्टमन. कर बघू गोल!"

पोस्टमनकाकांनी डावीकडून हल्ला केला, तिथे माणूस होता. मधून केला, तिथेही माणूस. उजवीकडून केला, अडकले. उलट आपले तिघे पुढे मोकळे! मिस्त्रींनी वायसर हातात घेऊन बराच वेळ प्रयत्न केला, त्यांनाही जमेना. माडीवरून मिस्त्रींच्या बायकोने, वहिनींनी, दोनदा हाक मारली, "मॅच संपली असेल तर जेवायला या!" पण जेवणाचं भान कोणाला होतं?

तीन रविवार हाच खेळ चालला आणि तिन्ही रविवारी बाईंचा संघ जिंकला. मग बाई म्हणाल्या, "हे इतकं सोपं आहे. तरी ज्याला सुचत नाही, त्याने संघ सांभाळू नये." त्यांनी गावाच्या फुटबॉल मंडळाला अर्ज लिहिला: सरांना ताबडतोब दूर करावं. सोबत चार-चार-तीनची आकृती जोडली. पोस्टमनकाकांनी घरोघर फिरून एकशे त्रेचाळीस सह्या आणल्या. सोमवारी अर्ज मंडळाकडे द्यायचा होता.

आणि मित्रांनो, मी? ती थरथरणारी पाठ मी विसरलो होतो. मलाही वाटत होतं, जाऊ दे हा माणूस. मला सही करता येत नाही म्हणून, नाहीतर माझीही झाली असती.

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, दुकानात एक सायकल आली. मागचं चाक पंक्चर. सायकल ढकलत आणणारा माणूस दारात थांबला. ते सर होते.

माझ्यावर खडूचं मैदान होतं, चार-चार-तीन मांडलेलं होतं आणि पान्याखाली अर्ज होता. पोस्टमनकाकांनी त्यावर हळूच कोपर सरकवलं. पण बाईंनी ते बाजूला केलं.

"लपवू नकोस. तुमच्याबद्दलच आहे हे, सर. उद्या देणार आहोत. वाचायचं असेल तर वाचा."

सरांनी उभ्यानेच सगळं वाचलं, सह्यांची पानंसुद्धा. मग ते म्हणाले, "आमच्या घरी अजून तीन खोकी बांधलेली आहेत. कालच मुलीने विचारलं, बाबा, ती उघडायची की तशीच राहू द्यायची? मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगतो."

मिस्त्री चाक सोडवायला वाकले, ते वाकलेच राहिले.

सर माझ्याजवळ आले आणि दोन्ही हात माझ्यावर टेकून नटांकडे बघत राहिले. त्यांचे तळवे थंड होते. त्यांनी एक वायसर डावीकडून नेला, मग मधून, मग उजवीकडून. पोस्टमनकाकांसारखेच तेही अडकले.

"छान लावलंय, बाई. कुठेच जागा नाही." मग त्यांनी भोकावरच्या गंजक्या नटावर बोट ठेवलं. "हा कोण?"

"तो गोली," पोस्टमनकाका म्हणाले. "तो कायम तिथेच असतो."

"बरं. मग एकदा सगळे मोजता का?"

बाईंनी मोजायला सुरुवात केली. चार, आठ, अकरा. आणि त्यांचं बोट गोलीपाशी येऊन थांबलं.

बारा.

आईशप्पथ, त्या शांततेत माझ्या फळीतला भुंगासुद्धा कोरायचा थांबला असेल! तीन रविवार आमचा संघ बारा जणांनी खेळत होता. नट डब्यातून मोजून निघायचे, गोली डब्यात कधी नसायचाच. बेरीज अचूक होती, पण हातचा राहून गेला होता. आणि तोही कोणाचा, तर गणिताच्या बाईंचा! त्यांचे कान लालबुंद झाले. पोस्टमनकाकांना हसू आवरेना, त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. आणि माझं काय? तो गोली तर माझ्याच अंगावर बसलेला होता. मीही मोजलं नव्हतं.

सर हसले नाहीत. ते म्हणाले, "आता यातला एक काढा. कोणता, ते तुम्ही ठरवा."

मिस्त्रींनी मधला एक काढला. लगेच मधून वायसर घुसला. पोस्टमनकाका म्हणाले, "तो नको, पुढचा काढा!" पुढचा काढला तर पुढे चेंडू पोचेना. बाईंनी डावीकडचा काढला आणि डावीकडून गोल झाला. तिघांची जुंपली. पंक्चर तसंच राहिलं. अर्ध्या तासाने बाई थकून स्टुलावर बसल्या.

"काहीही काढलं तरी कुठेतरी भोक पडतंच," त्या म्हणाल्या.

"मी दर शुक्रवारी हेच करतो," सर म्हणाले. "फरक एवढाच, की मी काढतो तो नट नसतो. त्याची आई मला दुसऱ्या दिवशी बाजारात भेटते."

यावर मिस्त्री मोठ्याने हसले. त्यांना एवढं हसताना मी प्रथमच ऐकलं. मग सर डाव्या बाजूकडे बघत म्हणाले, "पण तुमचं डावीकडचं म्हणणं बरोबर आहे. तिथे माझं चुकतंय. तिथला मुलगा उजव्या पायाने खेळणारा आहे, त्याला वळायला वेळ लागतो. मी हट्ट सोडायला हवा." अर्जाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. पंक्चर निघाल्यावर सायकल घेऊन गेले.

"फाडा तो अर्ज, बाई," पोस्टमनकाका म्हणाले.

"फाडू कसा? एकशे त्रेचाळीस माणसांच्या सह्या आहेत. त्या माझ्या मालकीच्या नाहीत." बाईंनी पेन काढलं आणि माझ्यावरच कागद ठेवून आणखी एक पान लिहिलं. पेन इतकं दाबून चालत होतं, की अक्षरं मला लाकडात कळत होती. 'अर्जासोबतची आकृती मी काढली आहे. तिच्यात बारा खेळाडू आहेत. ही चूक माझी आहे. आकृती पाहून ज्यांनी सही केली, त्यांना मी हे स्वतः सांगेन. मी माझी सही मागे घेते.' पुढचे चार दिवस बाई पोस्टमनकाकांना बरोबर घेऊन दारोदार फिरल्या. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई फिरवलेल्या बाईंना स्वतःची चूक एकेका उंबऱ्यावर सांगणं किती जड गेलं असेल, मित्रांनो! काही लोक हसले. काहींनी सही तशीच ठेवली. पण पुष्कळांनी काढून घेतली, आणि मंडळाने सरांना उरलेले चार सामने दिले.

पहिला सामना आपण हरलो. दुसरा बरोबरीत सुटला. डावीकडे नवा मुलगा खेळला, डाव्या पायाचा. तिसराही बरोबरीत सुटला. शेवटचा जिंकला तरच आपण वाचणार होतो.

त्या शनिवारी मिस्त्रींनी दुकान बंद ठेवलं. मी एकटाच होतो. मैदान दोन गल्ल्यांपलीकडे, तिथला आवाज मला ऐकू येतो. पण ओरडा कोणत्या बाजूचा, ते इथून कळत नाही. एकदा मोठा ओरडा झाला, मग एकदम शांतता, मग पुन्हा. मी कासावीस झालो. शेवटी कुलूप निघालं आणि पोस्टमनकाकांनी आत येऊन माझ्यावर दोन्ही हातांनी अशा काही थापा मारल्या, की डबा उडून नट घरंगळले. आपण जिंकलो होतो. दोनास एक!

दुसऱ्या दिवशी दुकानात नुसतं कौतुक चाललं होतं. पोस्टमनकाका तर, सरांवर आपला पहिल्यापासून विश्वास होता, असं दिसेल त्याला सांगत होते. तेवढ्यात सर आले. पंक्चर नव्हतं, काही नव्हतं. नुसतेच आले. मिस्त्रींनी त्यांच्यासाठी चौथं स्टूल पुढे केलं. सर बसले, कोपरं माझ्यावर टेकली आणि म्हणाले, "हं, आता सांगा. काल आपलं काय काय चुकलं?"

मग बाईंनी डबा ओढला आणि पोस्टमनकाकांनी एका दमात सात चुका सांगितल्या.

मित्रांनो, ऊन, पाऊस आणि लाथा यांनी मी खचलो नाही. भिंतीमागे टाकून दिलं, कोणी विचारलं नाही, तेव्हा खचलो होतो. माणसांचंही तसंच असावं. म्हणून एवढंच मागतो. तुमच्या संघाच्या प्रशिक्षकावर, शाळेतल्या बाईंवर, घरातल्या दादावर रागवायचं असेल तर जरूर रागवा. चुका दाखवा, हवं तर माझ्यावर मुठी आपटा, मी सोसेन. पण ज्याच्याबद्दल बोलताय, त्याला आधी एक स्टूल द्या.